तळाशी राहणाऱ्या मत्स्यालयीन माशांसाठी तळथराची निवड : शिरूर व दौंड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये व पुढे २०१४ मध्ये काढलेल्या सूचनांनंतर प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांतून विच्छेदन मागे पडले आणि जिवंत प्राण्याच्या निरीक्षणास महत्त्व आले. त्यामुळे अनेक महाविद्यालयांत काचेची टाकी पूर्वी केवळ शोभेची वस्तू होती, ती आता अध्यापनाचे साधन ठरली आहे. टाकी घेताना मासे कोणते, पंप किती क्षमतेचा, दिवा किती वॅटचा याची कसोशीने चौकशी होते. तळाशी काय पसरावे, हा प्रश्न मात्र बहुधा दुकानदारावर सोपविला जातो, आणि दुकानदार रंग विचारतो. निळे, गुलाबी वा पांढरेशुभ्र खडे घेऊन टाकी सजते. वरच्या पाण्यात पोहणाऱ्या माशांचे त्याने फारसे बिघडत नाही. तळाशी राहणाऱ्या माशांचे बिघडते. कारण त्यांच्यासाठी तळ हेच ताट, तळ हाच बिछाना आणि तळ हाच आडोसा असतो.

टाकीच्या तळाशी पसरलेल्या या थरास परिभाषेत 'अधःस्तर' म्हणतात. प्रस्तुत विवेचनात 'तळथर' हा सुटसुटीत शब्द वापरला आहे. तो निवडताना रंगापूर्वी कणाचा आकार, त्याची घडण आणि त्याचे रसायन पाहावे लागते. शिरूर व दौंड या तालुक्यांचा संदर्भ येथे दोन कारणांनी घेतला आहे. एक तर घोड, कुकडी, भीमा व मुळा-मुठा या नद्यांमुळे तळाशी राहणाऱ्या देशी माशांची आणि वाळूच्या सर्व प्रकारांची येथे समक्ष ओळख होते. दुसरे असे की, 'वाळू' हा शब्द या दोन तालुक्यांत उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या मनात मासा येत नाही. ट्रक, यांत्रिक बोटी आणि महसूल खात्याच्या कारवाया येतात. मत्स्यालयासाठी वाळू निवडण्याचा साधा प्रश्न येथे त्या मोठ्या प्रश्नापासून अलग ठेवता येत नाही.

तळाचे रहिवासी

विल्यम हेन्री साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन केले, त्यातील बहुतेक नावांवर १८३९ हे वर्ष आढळते. साइक्स यांनी अनेक जातींना मासेमारांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिन पद्धतीने बहाल केली. मुरे या लोच माशाचे 'मूरेह', मल्याचे 'मुल्या', शिंगटीचे 'सींगटी' अशी ती नावे आजही जागतिक वर्गीकरणात टिकून आहेत. वंशाची नावे बदलत गेली, जातिनाम मात्र भीमाकाठच्या बोलीतलेच राहिले. योगायोग असा, की ही तिन्ही नावे तळाशी राहणाऱ्या माशांची आहेत, आणि तिघांचा तळ तीन तऱ्हेचा आहे.

पॅराकँथोकोबिटिस मूरेह हा मुरे वाहत्या, उथळ पाण्यात गोट्या व जाड वाळू असलेल्या तळावर राहतो. शरीर लांबोडके, अंगावर आडवे पट्टे, तोंडाभोवती मिशांसारख्या स्पर्शिका. त्या स्पर्शिकांनीच तो अन्न हुडकतो. गारा मुल्या म्हणजे मल्या हा प्रवाहातील दगडांना चिकटून राहतो. त्याच्या हनुवटीखाली चिकटण्यासाठी एक चकती असते व दगडावरील शेवाळ खरवडून तो जगतो. त्यास वाळूपेक्षा गुळगुळीत धोंडे व जोराचा प्रवाह हवा. मिस्टस सींगटी ही शिंगटी दिवसा आडोशाला दडते आणि अंधार पडल्यावर लांब मिशांनी तळ चाचपत फिरते. तिच्या छातीच्या परांना बळकट काटे असतात. जाळ्यातून सोडवताना ज्याने ते अनुभवले आहेत त्यास नावाची व्युत्पत्ती सांगावी लागत नाही.

यांखेरीज लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिस हा बारीक लोच द्वीपकल्पीय भारतात सर्वत्र आढळतो. धोका जाणवताच तो क्षणार्धात वाळूत शिरतो व केवळ डोळे बाहेर ठेवतो. त्याच्या डोळ्याखाली दुभंगलेला बारीक काटा असतो. वाम हा सापासारखा लांबट मासाही वाळूत अंग पुरून घेतो, परंतु तो हातभर व त्याहून मोठा होत असल्याने प्रयोगशाळेतील लहान टाकीस योग्य नाही. बाजारात मिळणाऱ्या विदेशी माशांपैकी दक्षिण अमेरिकेतील कोरिडोरस, आग्नेय आशियातील कुहली लोच व क्लाउन लोच ही या गटातील नेहमीची नावे होत.

अध्यापनाच्या दृष्टीने पाहता थर्मॅलिस लोच हा या सर्वांत उपयुक्त ठरावा. तो लहान राहतो, येथील पाण्यास सरावलेला असतो आणि त्याचे वाळूत शिरणे हे अनुकूलनाचे इतके बोलके उदाहरण आहे, की फळ्यावरील आकृतीची गरज उरत नाही. मात्र तळाशी खडे असतील तर हे वर्तन विद्यार्थ्यांना कधीच दिसणार नाही. लोच कोपऱ्यात पंपाच्या मागे दबून राहील आणि 'हा मासा निष्क्रिय आहे' अशी चुकीची नोंद प्रयोगवहीत होईल.

कणाचा आकार : मूळ मुद्दा

तळाशी राहणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात, आखूड होतात व कधी पूर्ण नाहीशा होतात, ही तक्रार मत्स्यपालकांच्या परिचयाची आहे. त्याचा दोष सामान्यतः धारदार खड्यांना दिला जातो. हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. कारण पुष्कळदा गोल, गुळगुळीत पण जाड खड्यांच्या टाकीतही मिशा झडतात. तेथे घडते ते असे.

एकसारख्या गोल कणांचा थर कसाही रचला तरी त्यातील पोकळी, दाटीवाटीच्या रचनेत सुमारे २६ टक्के व सैल रचनेत सुमारे ४८ टक्के, अशा मर्यादेत राहते. कण मोठा असो वा लहान, हे प्रमाण बदलत नाही. बदलते ते फटीचे माप. भूमितीनुसार ज्या फटीतून दुसरा कण खाली उतरू शकतो ती कणाच्या व्यासाच्या सुमारे ०.१५ ते ०.४१ पट असते. खडा ५ मिलिमीटरचा असेल तर फट ०.८ ते २ मिलिमीटरची होते. तळाशी बसणाऱ्या खाद्याच्या गोळ्या भिजून विरघळू लागल्या, की त्यांचे तुकडे नेमके याच मापाचे असतात. ते फटीतून खाली जातात, माशाच्या आवाक्याबाहेर पडतात व तेथे कुजतात. मासा मात्र वासाच्या मागे लागून त्याच खड्यांत तोंड खुपसत राहतो. उपाशी राहून कुजलेल्या थरात दिवसभर मिशा घासणे, हे त्याचे नशीब होते. जिवाणूंचा संसर्ग प्रथम त्या नाजूक स्पर्शिकांना गाठतो.

आता ०.६ मिलिमीटरची वाळू घ्यावी. फट ०.०९ ते ०.२५ मिलिमीटरची होते. खाद्य वरच राहते. कोरिडोरससारखा मासा वाळूचा घास घेतो, त्यातील अन्न वेगळे करतो व वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. काचेबाहेरून हे दृश्य स्पष्ट दिसते. ज्या माशाचे अन्न घेण्याचे तंत्रच वाळू चाळण्याचे आहे, त्यास तोंडात न मावणारे खडे देणे म्हणजे जेवणाचे ताट काढून घेणे होय.

भूविज्ञानातील उडेन-वेंटवर्थ श्रेणीनुसार ०.०६२५ ते २ मिलिमीटर म्हणजे वाळू, त्यापुढे २ ते ४ मिलिमीटर बारीक खडा व ४ ते ६४ मिलिमीटर गोटा. वाळू चाळणाऱ्या वा तीत दडणाऱ्या माशांसाठी साधारण ०.३ ते १.२ मिलिमीटर ही मर्यादा समाधानकारक ठरते. स्थापत्य विभागाच्या किंवा भूगोल-भूविज्ञान विभागाच्या प्रयोगशाळेत प्रमाणित चाळण्या असतात. १.१८ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडलेली व ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर राहिलेली वाळू घेतली, की काम झाले. त्याहून बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहते, पंपाच्या पात्यांत जाते व थरास घट्ट करते. कोरडी वाळू चाळताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्याने वाळू ओलसर करून वा पाण्याखाली चाळावी. बंद खोलीत विद्यार्थ्यांकडून हे काम करवून घेऊ नये.

कणाची घडण : निघोजची कुंडे व खडीक्रशर

कण किती गोलसर आहे, हा यानंतरचा प्रश्न. कुकडी नदीच्या पात्रात, अलीकडे शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी व पलीकडे पारनेर तालुक्यातील निघोज यांच्या दरम्यान बेसॉल्टमध्ये कोरलेले प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात अडकलेल्या दगडगोट्यांनी कठीण पाषाण खरवडून ते तयार झाले. गोट्याने कातळ घासला, कातळाने गोटा. त्या खळग्यांत सापडणारे गोटे तळहातावर घेतले तर कोठेही कोपरा लागत नाही. भूगोलाच्या सहलीत हे स्थळ सर्वांना दाखविले जाते. प्राणिशास्त्राच्या सहलीतही ते यावयास हवे, कारण मल्याला लागणारा दगड कसा असतो हे तेथे कळते.

परंतु गोट्याचा हा नियम वाळूस तसाच लागू पडत नाही. मोठा दगड आपल्या वजनाने आपटून झिजतो. वाळूचा कण हलका असतो आणि त्याच्या भोवतीचा पाण्याचा थर आघात सौम्य करतो. त्यामुळे नदीतील वाळू पूर्ण गोल क्वचितच असते. ती बोथट कोपऱ्यांची असते, एवढेच. माशाच्या गरजेस तेवढे पुरते.

खडीक्रशरमधून निघणारी कच किंवा ज्यास बाजारात 'क्रश सँड' म्हणतात, तिची गोष्ट वेगळी आहे. काळा फत्तर यंत्रात फोडला, की प्रत्येक कणास ताजी भंगलेली कड असते. हाताच्या तळव्यावर चोळून भिंगाखाली पाहिल्यास चपटे, टोकदार तुकडे दिसतात व भुकटीचे प्रमाणही बरेच असते. सिमेंटमध्ये कणांनी एकमेकांस धरून ठेवावे म्हणून ही कोनदार घडण उपयोगी पडते. लोचच्या बारीक खवल्यांच्या पोटास आणि कल्ल्यांच्या पडद्यास मात्र ती घातक आहे. यंत्राने घासून गोलसर केलेली कृत्रिम वाळूही मिळते. ती साध्या कचीपेक्षा बरी, तरी भिंगाखाली पाहिल्याविना टाकीत घालू नये.

या ठिकाणी एका लोकप्रिय परीक्षेबद्दल सावध करणे आवश्यक आहे. 'वाळू काचेवर घासून पाहा, ओरखडा उठला तर ती माशास टोचेल', असे सांगितले जाते. काचेचा कठीणपणा मोह यांच्या श्रेणीत साधारण ५.५ आहे व क्वार्ट्झचा ७. गोटीसारखा गोल क्वार्ट्झ कणही काचेवर ओरखडा पाडतो. ही परीक्षा कठीणपणाची आहे, धारेची नव्हे. धार पाहावयाची तर दहा पट भिंग आणि तळहाताची कातडी पुरेशी आहेत.

कणाचे रसायन

दख्खनच्या नद्यांतील वाळू गंगेच्या वा कावेरीच्या वाळूसारखी शुभ्र नसते. तिच्यात बेसॉल्टचे करडे-काळे तुकडे, गारगोटीचे पांढुरके व तांबूस कण, झिओलाइटचे अंश, लोहचुंबकास चिकटणारे मॅग्नेटाइट आणि काठच्या गाळातून आलेले चुनखडीचे खडे असे सर्व काही असते. चुंबक कागदात गुंडाळून कोरड्या वाळूतून फिरविल्यास त्यास काळी मिशी फुटते. विद्यार्थ्यांना हा प्रयोग फार आवडतो. मॅग्नेटाइटपासून माशांना अपाय नाही. फक्त चुंबकीय काचपुसणी वापरताना तिच्यात हे कण अडकून काचेवर रेघा उमटतात.

लक्ष द्यावयाचे ते चुनखडीकडे. मूठभर धुतलेल्या वाळूवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वा निदान व्हिनेगर टाकून फेस येतो का, हे पाहावे. फेस आला म्हणजे वाळू सर्वथा टाकाऊ, असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. कॅल्शियम कार्बोनेट विरघळते ते पाणी आम्लधर्मी वा मृदू असेल तेव्हा. या पट्ट्यातील विहिरी व कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा मुळातच जड व किंचित अल्कधर्मी असते. त्यात चुनखडी फारशी विरघळत नाही, आणि येथील मुरे, मल्या, शिंगटी अशाच पाण्यात वाढलेले असतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मृदू पाण्याचे मासे शुद्ध केलेल्या पाण्यात ठेवावयाचे असतील, तेव्हा हीच वाळू सामू वाढवीत राहील. म्हणून आम्लाच्या परीक्षेनंतर दुसरी परीक्षा करावी. वापरावयाचे पाणी एका बरणीत वाळूसह व दुसऱ्या बरणीत वाळूविना आठवडाभर ठेवून दोहोंचा सामू व काठिण्य मोजावे. निर्णय या फरकावरून घ्यावा. संगमरवराची खडी, शिंपल्यांचा चुरा व प्रवाळाचे तुकडे यांना हेच तत्त्व लागू आहे. कोकणच्या किनाऱ्यावरून सहलीत आणलेली वाळू शिंपले व मीठ या दोन्ही कारणांनी टाळावी.

रंगाचा उल्लेख येथे ओघानेच येतो. मासे त्वचेतील रंगपेशींच्या साहाय्याने पार्श्वभूमीशी जुळवून घेतात. पांढऱ्याशुभ्र तळावर पट्टेदार लोच फिकट पडतो. वरून पडणारा प्रकाश पांढरा तळ परावर्तित करतो, हे सावलीत राहणाऱ्या माशास मानवत नाही. दख्खनची करडी-तपकिरी वाळू या दृष्टीने उत्तम आहे. तिच्यावर धूळ व विष्ठा दिसून येत नाही, ही मात्र तिची गैरसोय. पांढऱ्या तळावर घाण तात्काळ दिसते. रंगविलेल्या खड्यांचा लेप काही महिन्यांत सुटू लागतो, याहून अधिक त्यांविषयी लिहिण्याचे कारण नाही.

थराची जाडी व त्यातील जीवसृष्टी

माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू पृष्ठभागास चिकटून राहतात. ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद टाकीत ३ सेंटिमीटर थर द्यावयाचा तर ५.४ लिटर म्हणजे साधारण साडेआठ किलो कोरडी वाळू लागते. कण ०.६ मिलिमीटरचे व गोल धरले, तर या थरातील कणांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर भरतो. ५ मिलिमीटरच्या खड्यांत तो जेमतेम ४ चौरस मीटर. कागदावर वाळूची सरशी दिसते. प्रत्यक्षात थरातून पाणी वाहण्याची क्षमता कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. या दोन आकारांत ती जवळजवळ ७० पटींनी कमी होते. त्यामुळे वाळूच्या वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच प्राणवायू पोचतो व तेवढाच भाग या जिवाणूंच्या कामी येतो.

याचा व्यावहारिक परिणाम महत्त्वाचा आहे. जुन्या महाविद्यालयीन टाक्यांत तळाखाली जाळीची गाळणी बसविलेली असते. ती खड्यांसाठी बनविलेली असून तीवर वाळू पसरल्यास जाळी तुंबते. वाळू वापरावयाची तर ही गाळणी काढून हवेवर चालणारी स्पंजची गाळणी बसवावी. तीत जिवाणूंची वसाहत स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे द्यावेत व मगच मासे पूर्ण संख्येने सोडावेत. नवीन टाकीत आठवड्यातच मासे मेले, की वाळूस दोष दिला जातो. पुष्कळदा ती चूक वाळूची नसून घाईची असते.

जाडी दोन ते चार सेंटिमीटर पुरते. त्याहून जाड बारीक थरात खाली प्राणवायूचा अभाव होऊन हायड्रोजन सल्फाइड तयार होण्याचा संभव असतो; काचेलगत काळे डाग व ढवळताच सडक्या अंड्याचा वास ही त्याची खूण. थर्मॅलिस लोच असलेल्या टाकीत वाळू आपोआप वरखाली होत राहते. मेलॅनॉइडिस ट्युबर्क्युलाटा ही शंकूसारखी लांबट गोगलगायही वाळू पोखरत हिंडते व थर मोकळा ठेवते. ती भारतातील गोड्या पाण्यात सर्वत्र आढळणारी जात असून मत्स्यविक्रेते तिला मलेशियाच्या नावाने विकतात.

वाळू आणावी कोठून

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणासही वाटावे, की शिरूर वा दौंड येथील महाविद्यालयास हा प्रश्न पडूच नये. नदी दाराशी आहे. एके काळी ते खरे होते. घोडेवर डिंभे व चिंचणी येथे धरणे झाली. वरून येणारी वाळू जलाशयांत अडकू लागली. खालच्या पात्रात साठलेली वाळू बांधकामासाठी उपसली गेली, अधिकृतपणे व त्याहून पुष्कळ अधिक अनधिकृतपणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या दीपक कुमार खटल्यात लहान क्षेत्रातील गौण खनिज उत्खननासही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. राज्य शासनाने २०२३ मध्ये शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले व २०२५ मध्ये कृत्रिम वाळूच्या वापरावर भर देणारे नवे धोरण स्वीकारले. या साऱ्या काळात भीमा व घोड यांच्या पात्रांतून वाळू उपसणाऱ्या बोटी महसूल पथकांनी स्फोटाने उडविल्याच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांत येत राहिल्या.

उपसा झालेल्या पात्रात मत्स्यालयाचाच प्रयोग उलट दिशेने पाहावयास मिळतो. वाळू व गोट्यांचा थर निघाला, की खोल डोह उरतात. त्यांत पाण्याचा वेग मंदावतो, बारीक गाळ बसतो, आणि पुण्याचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळाल्यानंतर त्या गाळात सेंद्रिय द्रव्याची भर पडते. कणाचा आकार, फटीचे माप व प्राणवायू यांविषयी वर जे सांगितले, ते सारे येथे मैलोन्‌मैल घडते. उथळ, खळाळता तळ लागणारे मुरे व मल्या अशा ठिकाणी टिकत नाहीत. चिकणमातीच्या डोहात चिलापी मात्र सुखाने वाढते.

म्हणून टाकीसाठी नदीतून पिशवीभर वाळू उचलून आणण्याची जुनी पद्धत आता सोडावी लागेल. वाळू हे गौण खनिज असून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार अनधिकृत उत्खनन दंडनीय आहे. साडेआठ किलोने पात्र उघडे पडत नाही, हे मान्य. तथापि विद्यार्थ्यांना पर्यावरणाचा विषय अनिवार्य म्हणून शिकविणाऱ्या संस्थेने विनापरवाना वाळू आणावी, हे शोभत नाही. शिवाय संगमाखालच्या वाळूत काय मुरले आहे, याची खात्री धुण्याने होत नाही.

व्यवहार्य पर्याय पाण्याच्या गाळण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या वाळूचा आहे. नगरपालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतील जलद वालुकागाळणीत परिणामी आकार ०.४५ ते ०.७० मिलिमीटर असलेली, एकसारख्या कणांची, क्वार्ट्झची वाळू वापरतात. ती आम्लात जवळजवळ विरघळत नाही, आणि तिचे माप वर सांगितलेल्या मर्यादेत नेमके बसते. गोणीतून मिळणारी ही वाळू एका विभागास अनेक वर्षे पुरते. ती फिकट रंगाची असते, ही एकच उणीव. तळाचा काही भाग सपाट, काळसर गोट्यांनी झाकून व वरून प्रकाश मंद ठेवून ती भरून काढता येते. दुसरा मार्ग म्हणजे आवारातील जुन्या बांधकामातून उरलेली, चुना-सिमेंट न लागलेली नदीची वाळू. अनेक महाविद्यालयांच्या मागील अंगणात असा एखादा ढीग गवताखाली वर्षानुवर्षे पडून असतो. चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन व आम्लाची परीक्षा घेऊन तो उपयोगात आणता येईल.

मल्यासारख्या खडकनिष्ठ माशाची टाकी निराळी ठेवावी लागते. तीत वाळूचा पातळ थर, हाताएवढे गुळगुळीत धोंडे व पंपाने दिलेला सरळ प्रवाह असावा. धोंडे आधी काचेवर ठेवून मग भोवती वाळू घालावी. क्रम उलटा केल्यास लोच धोंड्याखालची वाळू उकरतो व धोंडा त्याच्याच अंगावर बसतो.

राहिला तळाचा सर्वांत लोकप्रिय मासा, ज्यास दुकानात 'सकर' म्हणतात. काच स्वच्छ ठेवतो म्हणून बोटभर पिल्लू आणले जाते. टेरिगोप्लिक्थिस वंशातील हे दक्षिण अमेरिकी मासे फूट-दीड फुटापर्यंत वाढतात, वाळू व रोपे उलथून टाकतात आणि टाकीत मावेनासे झाले, की कोणीतरी 'पुण्य' म्हणून त्यांना नदीत सोडतो. दौंड तालुक्यापर्यंत फुगवटा येणाऱ्या उजनीच्या जलाशयात ते पोचले आहेत. अंडी घालण्यासाठी ते मातीच्या काठात बिळे कोरतात, आणि अंगावरील हाडांच्या कवचामुळे भोई समाजाच्या जाळ्यांची नासाडी होते ती वेगळीच. त्यांच्यासाठी कोणताही तळथर सुचविण्याऐवजी महाविद्यालयीन टाकीत हा मासा ठेवूच नये, असे सुचवावे लागते. आधीच असलेला सकर मोठ्या टाकीच्या मालकाकडे द्यावा. तो कोणत्याही परिस्थितीत भीमेत वा घोडेत सोडू नये.